पाहिले. आहे.

सकाळची प्रार्थना झाली की मी ही वही उघडते आणि आदल्या दिवसाचं चार ओळींत लिहून टाकते. चार ओळी पुरतात, आमच्या घरात फारसं काही घडत नाही. पण गेल्या तीन महिन्यांत अख्खी वही संपली आणि तिच्यातली निम्मी पानं तरी वन्संच्या पायी गेली. म्हणून म्हटलं, एकदा सगळं सलग लिहून काढावं, म्हणजे डोक्यातून जाईल. हातात जपमाळ घेऊन नाव देवाचं घेते आणि डोळ्यांसमोर शिंप्याचा पंखा येतो, हे काही बरं लक्षण नाही.

वन्सं म्हणजे माझ्या नणंदबाई, आमच्या ह्यांच्या मोठ्या बहीण. वय अडुसष्ट. आमच्या दारातून गल्ली ओलांडली की त्यांचं दार. यजमानांना जाऊन अकरा वर्षं झाली आणि एकुलता एक मुलगा नोकरीसाठी दुसऱ्या शहरात. एकतीस वर्षं त्यांनी बस डेपोत हरवलेल्या सामानाच्या खिडकीवर काम केलं. छत्र्या, डबे, चष्मे, एकदा दातांची कवळी, एकदा पिंजऱ्यासकट पोपट.

नोकरीच्या पहिल्याच वर्षी एका गृहस्थानं येऊन काळ्या पिशवीचं असं हुबेहूब वर्णन केलं की वन्संनी पिशवी न उघडताच देऊन टाकली. दुसऱ्या दिवशी खरी मालकीण आली. पिशवीत तिच्या गेलेल्या आईचा चष्मा होता. बाई रडली नाही, भांडली नाही, नुसती तासभर समोरच्या बाकावर बसून राहिली. तेव्हापासून वन्संचा नियम झाला, न पाहता सही नाही. वस्तू टेबलावर ठेवायची, उलटीसुलटी करायची आणि मग रजिस्टरात दोनच शब्द लिहायचे, ‘पाहिले. आहे.’ खाली सही, आणि शेजारी आणखी एकाची सही, कारण डेपोचा कारभार दोन सह्यांचा.

माणूस निवृत्त होतो, नियम होत नाही. हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर मी सासर तरी दोन गल्ल्या सोडून बघितलं असतं.

गेल्या थंडीत मी आणि हे माझ्या बहिणीकडे गेलो होतो. तेवढ्यात वन्संना ताप भरला आणि त्या दोन दिवस एकट्या पडून राहिल्या. कुणाला पत्ता नाही. भाच्याला कळलं तसा तो धावत आला.

“आई, आता बास. माझ्याकडे चल. खोली रिकामी आहे, तुझ्यासाठी पलंग आणून ठेवलाय.”

“मी इथे एकटी नाही,” वन्सं म्हणाल्या. “अख्खी गल्ली आहे.”

“गल्ली आहे ग. पण गल्लीला कळलं का?”

वन्सं औषधाची बाटली उगाच उजेडात धरून बघू लागल्या. मी खाली मान घातली, कारण मी त्या दोन दिवसांत बहिणीच्या घरी निवांत झोपा काढत होते, आणि ती गोष्ट मला अजून प्रार्थनेच्या वेळी बोचते.

भाचा संगणकाच्या कामातला. त्यानं दोन दिवस बसून गल्लीची एक वेबसाइट करून दिली. तिला चार खण: ‘हवंय’, ‘द्यायचंय’, ‘हरवलं-सापडलं’ आणि ‘मदत’. गल्लीतल्या त्रेचाळीस घरांतल्या कुणीही सूचना लिहायची, व्यवस्थापकानं मंजूर करायची की ती सगळ्यांना दिसणार. व्यवस्थापक अर्थातच वन्सं.

“तीन महिने बघू,” भाचा म्हणाला. “चार लोकांशी तुझं येणंजाणं वाढू दे. पण तुला काही झालं आणि या गल्लीला कळलं नाही, तर वाद न घालता माझ्या घरच्या पलंगावर येऊन झोपायचं. कबूल?”

“कबूल,” वन्सं म्हणाल्या. आणि माझ्या दुपारच्या झोपेला त्या क्षणी ग्रहण लागलं.

कारण ‘मंजूर’ या शब्दाचा अर्थ जगात इतर लोक बटण दाबणे असा घेतात. वन्संनी तो डेपोतल्यासारखा घेतला. पहिली सूचना आली चित्रकला शिकवणाऱ्या बाईंची. ‘शिडी हवी आहे, दोन दिवसांसाठी.’ पाठोपाठ कोपऱ्यावरच्या कुलूपवाल्याची, ‘शिडी आहे, न्यावी.’ कुलूपवाल्याचं दुकान आणि बाईंचं घर यांच्यात अकरा पावलं. दोघांनी खिडकीतून हाक मारली असती तरी भागलं असतं. पण वन्संनी पिशवी काढली, तिच्यात भिंग, मोजपट्टी आणि वही घातली, आणि माझ्या दारात उभ्या राहिल्या.

“चल, वहिनी. शिडी बघायचीय.”

“शिडीत काय बघायचंय, वन्सं? शिडी ती शिडी.”

“पायऱ्या मोजायच्या. आणि दोन सह्या लागतात.”

दहा पायऱ्या निघाल्या, त्यातली एक सैल. वन्संनी ती ठोकून घेतली, मग घरी जाऊन नोंद केली, ‘पाहिले. आहे. सातवी पायरी दुरुस्त.’ खाली त्यांचं नाव, शेजारी माझं. या सगळ्याला एक दिवस आणि दोन तास लागले. तोवर चित्रकलेच्या बाईंनी खुर्चीवर खुर्ची ठेवून काम उरकलं होतं.

असं रोज. गल्लीनं त्यांचं नाव ठेवलं ‘तपासनीस बाई’, आणि माझं ‘दुसरी सही’. आमच्या ह्यांना याची भारी गंमत. जेवायला बसले की विचारायचे, “भाजीत मीठ पाहिलंस का? आहे?” मी म्हणायचे, तुमच्याच बहीण आहेत, मी काही माहेराहून आणलेल्या नाहीत.

एकदा गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या पोस्टमननं ‘मदत’मध्ये लिहिलं की मंगळवारी दुपारी तासभर वडिलांजवळ कुणी बसेल का. बिचाऱ्यानं किती संकोचानं लिहिलं असेल. वन्सं गेल्या, म्हातारबुवांना आपादमस्तक न्याहाळलं, तीन प्रश्न विचारले, आणि नोंद केली, ‘वडील पाहिले. आहेत. उजव्या कानाने कमी ऐकू येते. पत्त्यांत लबाडी करतात.’ मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पोस्टमन मात्र हसत सुटला. म्हणाला, “बाई, तुम्हाला एका भेटीत कळलं, मला कळायला चाळीस वर्षं लागली.” आणि खरं सांगायचं तर त्या मंगळवारी वडिलांपाशी बसायला दोघेजण गेले, लबाडी बघायला म्हणून.

ही माझी खरी अडचण. वन्सं नुसत्या विचित्र असत्या तर मी देवाचं नाव घेऊन हात झटकले असते. पण लोक त्यांना चहा देत होते. दार उघडून ‘या, काय बघायचं ते बघा’ म्हणत होते. जी घरं लग्न होऊन आल्यापासून मी आतून पाहिली नव्हती त्यांच्या मोऱ्यासुद्धा मला पाठ झाल्या.

तीन महिने संपायला बारा दिवस राहिले होते. सोमवारची गोष्ट. शिंप्यानं सूचना टाकली होती की एक स्टँडचा उभा पंखा द्यायचा आहे. वन्सं पिशवी घेऊन घाईनं निघाल्या आणि स्वतःच्याच दाराच्या पायरीवर पाय मुरगळून खाली बसल्या. मी समोरच होते. ओरडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, “दार लावून घे. कुणी बघितलं का?”

घोटा बघता बघता वांग्यासारखा झाला. गल्लीत बोभाटा नको म्हणून त्यांनी मला दोन गल्ल्या पलीकडच्या डॉक्टरीण बाईंना बोलवायला लावलं. हाड शाबूत होतं, पण दोन आठवडे पाय खाली टेकवायचा नाही.

“वन्सं, आता त्याला फोन करा,” मी म्हटलं.

“अजिबात नाही. पडले म्हटल्यावर तो अटीबिटी विसरेल. गाडी घेऊन येईल आणि मला सामानासारखी घालून नेईल.”

“मग निदान गल्लीत सांगा. अट तीच होती ना, गल्लीला कळलं पाहिजे.”

“गल्लीला कळलं की त्याला कळेल. तो रोज वेबसाइट बघतो.”

“मी खोटं बोलणार नाही. आधीच सांगून ठेवते.”

“खोटं बोल कोण म्हणतंय? त्याचा फोन उचलू नकोस, झालं.”

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं अशी माझी गत. मी फोन ह्यांच्या हातात दिला. ह्यांचं डोकं कसं चालतं ते सांगते. मंगळवारी वन्संच्या फोनचं चार्जिंग संपलं होतं म्हणून भाच्यानं सकाळी आमच्याकडे फोन केला. हे म्हणाले, ताई आंघोळीला गेलीय. दुपारी पुन्हा आला, हे म्हणाले, आंघोळीला गेलीय. संध्याकाळी तिसऱ्यांदा तेच.

“मामा,” भाचा म्हणाला, “आई दिवसातून किती आंघोळी करते?”

“उन्हाळा आहे,” ह्यांनी सांगून टाकलं आणि फोन ठेवला.

पण खरी कुचंबणा पुढेच होती. सूचना तर येतच होत्या. मंजुरी थांबली तर भाच्याला संशय येणार. मी म्हटलं, “बटण दाबा आणि मोकळ्या व्हा. शिंपी काय नसलेला पंखा देणार आहे?”

वन्सं उशीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी देव्हाऱ्यातली समई विकायला काढलीय. “मी पाहिलेला नाही. ‘पाहिले’ कसं लिहू?”

म्हणजे मी खोटं बोलायचं नाही म्हटलं की नाक मुरडणार, आणि स्वतः दोन शब्दांचं खोटं लिहिणार नाहीत. शेवटी ठरलं की पाहायचं मी आणि लिहायचंही मी. गेले. पंखा पाहिला. परत आले.

“पाती किती?”

“तीन असतील.”

“असतील?”

पुन्हा गेले. चार होती. मग वन्संच्या फोनवरून मी लिहायला बसले. मला आयुष्यात दोन शब्दांत काही लिहिता आलेलं नाही, या वहीला विचारा. मी लिहिलं, ‘देवाच्या कृपेने पंखा उत्तम फिरतो. चार पाती आहेत. तिसऱ्या वेगाला थोडा कुरकुरतो, पण या वयात कोण कुरकुरत नाही. ज्याच्या घरी जाईल त्याला गार वारा लाभो.’ आणि मंजूर केलं.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. लोकांना ते आवडलं. बुधवारी पाच सूचना आल्या, गुरुवारी नऊ. ज्यांच्याकडे द्यायला काही नव्हतं त्यांनी फुटकी कुंडी काढली. मी एका बाबागाडीवर चार ओळी लिहिल्या, एका टिचलेल्या आरशावर तीन. तीनच दिवसांत माझे गुडघे बोलू लागले. सकाळी जपाला बसले की माळ हातात आणि मन कुलूपवाल्याच्या माळ्यावर. घरी ह्यांचा चहा वेळेवर होईना. आणि पलंगावर बसून वन्सं विचारणार, “आरशाची मागची बाजू पाहिलीस?”

“मागच्या बाजूला काय असतं आरशाच्या?”

“तेच तर बघायचं असतं.”

त्या गुरुवारी मी मनातल्या मनात म्हटलं, जाऊ देत यांना मुलाकडे, माझी एकदाची सुटका होईल. मग घरी येऊन समोरच्या दाराकडे बघत उभी राहिले. तिथे दुसरं कुणी राहायला आलेलं डोळ्यांसमोर आणून बघितलं, पण येईना. हे वहीत लिहिलं नव्हतं, आज लिहिते.

शुक्रवारी शिंप्याच्या दुकानात गेले. तो मशीन थांबवून म्हणाला, “वहिनी, एक विचारू? सोमवारपासून ‘पाहिले, आहे’ दिसत नाही कुठं. तपासनीस बाई कुठं आहेत?”

“घरी आहेत.”

“बऱ्या आहेत ना?”

आता काय करणार? तोंडावर विचारलं. मी म्हटलं, “पाय मुरगळलाय. पण मी तुम्हाला सांगितलेलं नाही.”

“नाही सांगितलंत,” शिंपी म्हणाला आणि मशीन पुन्हा सुरू केलं.

मी घरी जाऊन वन्संसाठी चहा घेऊन येते तोवर त्यांचा फोन वाजला होता. मंजुरीसाठी सूचना आली होती, शिंप्याची, ‘मदत’च्या खणात. ‘तपासनीस बाईंचा पाय मुरगळला आहे असे समजते. त्यांच्याकडे आळीपाळीने कुणी जाऊ शकेल का?’

वन्सं फोन हातात धरून बसल्या होत्या. माझ्या हातातला चहा गार होत होता.

“तू सांगितलंस.”

“सांगितलं. पण मी सांगितलेलं नाही.”

“हे नामंजूर करते,” त्या म्हणाल्या. अंगठा बटणावर नेला आणि तिथेच ठेवला.  मला वाटलं झोप लागली की काय. मग पुटपुटल्या, “आजवर एकही खरी सूचना मी परत पाठवलेली नाही. खोट्या दोन पाठवल्या. खरी एकही नाही.”

“मग?”

“मग काय. हे तर मी पाहिलंय.”

त्यांनी पांघरूण बाजूला केलं, घोट्याकडे भिंगातून बघितलं, खरंच बघितलं, आणि लिहिलं, ‘पाय पाहिला. आहे. सुजलेला.’ मला म्हणाल्या, “तुझं नाव घाल.” मी घातलं. त्यांनी मंजूर केलं, फोन उलटा ठेवला आणि कपाट उघडायला सांगितलं, त्यातली मोठी बॅग काढायला. आता भाचा येणार आणि नेणार, हे आम्ही दोघीही धरून चाललो होतो. मी बॅग काढली. तिच्यातली धूळ झटकताना डोळ्यांत गेली.

शनिवारी सकाळी भाचा दारात हजर. मी त्याला आत घेतलं तर खोलीत पाय ठेवायला जागा नाही. पोस्टमनचे वडील पलंगाजवळच्या खुर्चीत बसून वन्संशी पत्ते खेळत होते. पोस्टमन त्यांना सकाळीच सोडून गेला होता. म्हणाला, यांच्याजवळ कुणीतरी हवं, बाईंजवळ कुणीतरी हवं, एकात एक काम होईल. शिंप्यानं पायाखाली घ्यायला लोड शिवून आणला होता आणि वन्सं त्याची शिवण तपासत होत्या. चित्रकलेच्या बाई स्वयंपाकघरात, आणि दारात कुलूपवाला पायरीला कठडा बसवण्यासाठी मोजमाप घेत होता. मोजपट्टी वन्संची.

भाचा बॅगेवर बसला. दुसरी जागाच नव्हती.

“चार दिवस, आई,” तो म्हणाला. “सोमवारी पडलीस, शुक्रवारी गल्लीला कळलं.”

“सोमवारी पडले हे तुला कुणी सांगितलं?”

“मामीनं.”

मी हातातलं भांडं खाली ठेवलं. “मी? मी फोनसुद्धा उचलला नाही.”

“मामी, ‘ज्याच्या घरी जाईल त्याला गार वारा लाभो’ असं माझी आई लिहील? पंख्याची नोंद वाचली तेव्हाच कळलं की आई उठू शकत नाही. आसपासच्या डॉक्टरांना फोन करत करत त्या डॉक्टरीण बाई सापडल्या, हाड बरं आहे कळलं, मग गप्प बसलो. म्हटलं बघू, गल्लीला कधी कळतंय. तर चार दिवस. अट अट आहे.”

वन्सं पत्त्यांकडे बघत म्हणाल्या, “आहे.”

आणि माझं डोकं फिरलं. चार दिवसांचे जिने, चार पाती, आरशाची मागची बाजू, सगळं एकदम वर आलं. मी म्हटलं, “चार दिवस लागले कारण आम्ही लपवलं. मी दार लावून घेतलं, पलीकडच्या गल्लीतून डॉक्टर आणली, तुझ्या मामानं तुझ्या आईला दिवसातून तीन आंघोळी घातल्या. एवढं सगळं करूनसुद्धा या शिंप्याला दोन शब्द दिसले नाहीत म्हणून कळलं. आणि तू. तुला मंगळवारपासून माहीत होतं तर मला का पळवलंस? माझ्या गुडघ्यांना विचार. तुझ्या अटीत ते बसतात का बघ.”

 पोस्टमनच्या वडिलांनी तेवढ्यात एक पत्ता बदलला. वन्संनी त्यांचं मनगट धरलं.

“पाहिलं,” वन्सं म्हणाल्या. “ठेवा परत.”

भाचा हसला. मग बॅगेची चेन दोनदा उघडली, दोनदा लावली. शेवटी म्हणाला, “राहा इथे. पण यापुढे व्यवस्थापक दोन. तू आणि मामी. एकीनं दोन दिवस काही लिहिलं नाही तर दुसरीनं मला कळवायचं.”

मला कुणी विचारलं नाही. या घराण्यात मला काही विचारण्याची पद्धत नाही.

“आणि तो पलंग?” वन्संनी विचारलं.

“देऊन टाकतो. नवा कोरा आहे. गल्लीच्या साइटवर टाकू?” तो गमतीनं म्हणाला आणि फोनवर टाकलासुद्धा. ‘द्यायचंय. पलंग, न वापरलेला.’

वन्संनी चष्मा चढवला, सूचना दोनदा वाचली.

“पाहिल्याशिवाय नाही,” त्या म्हणाल्या. “पाय बरा झाला की येते तुझ्याकडे. चार दिवस. झोपून बघायला लागेल.” आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, “वहिनी, तूही तयारी कर. दोन सह्या लागतात.”

बॅग परत कपाटात ठेवलेली नाही. तशीच भिंतीशी उभी आहे. आज सकाळी प्रार्थना उरकून वही उघडली तर ‘हरवलं-सापडलं’मध्ये एक मांजर आलं आहे. जाऊन शेपटी बघून यायची आहे.